तिसरी हाक

जानेवारीत मेलेल्या माणसाला आमच्या गावात मे महिन्यापर्यंत थांबावं लागतं. सुपिरियर सरोवराच्या काठची ही जमीन हिवाळ्यात अशी गोठते, की कुदळ मारली तर ठणकन परत येते. म्हणून इस्पितळाच्या मागे एक दगडी खोली बांधलेली आहे. शवपेट्या तिथे ठेवतात आणि बर्फ उतरलं की एकेकाला त्याच्या जागी पोचवतात. त्यामुळे आमच्याकडे दुःख दोनदा करावं लागतं. एकदा माणूस जातं तेव्हा, आणि दुसऱ्यांदा, आता डोळे कोरडे झाले असं सगळ्यांना वाटायला लागतं तेव्हा.

आर्डिस रौतिओ जानेवारीत गेली. गावच्या इस्पितळात ती उभा जन्म सुईण होती. तिचं दफन ठरलं ते नेमकं नर्सेसच्या सप्ताहात, शुक्रवारी दुपारी. त्याआधी इस्पितळाच्या जेवणघरात सप्ताहाचा समारंभ होता आणि त्या समारंभाच्या शेवटी आर्डिसला मानवंदना द्यायची होती. ती द्यायची होती प्रसूती वॉर्डच्या मुख्य नर्सने, म्हणजे आयली टर्व्होने. आणि आयली तो विचारच आठवडाभर टाळत होती.

मानवंदनेची रीत साधी आहे. इस्पितळातली नर्स किंवा सुईण वारली, की तिच्या वॉर्डची मुख्य नर्स सगळ्यांसमोर उभी राहते. टेबलावर एक दिवा लावलेला असतो. गेलेल्या बाईचं पूर्ण नाव घेऊन ती हाक मारते आणि थांबते. मग दुसरी हाक, पुन्हा थांबते. तिसऱ्या हाकेलाही ओ आली नाही, की म्हणायचं, तुझी पाळी संपली, पुढचं आम्ही बघतो. आणि दिवा मालवायचा. भल्याभल्यांच्या अंगावर काटा येतो. आयलीने आजवर बऱ्याच जणींना असा निरोप दिला होता आणि एकदाही तिचा आवाज कापला नव्हता. पण या वेळी ती शब्दात अडकली होती. शब्द मेलेल्या बाईला दिलेला होता, त्यामुळे परत मागायचीही सोय नव्हती.

डिसेंबरातली गोष्ट. आर्डिस तेव्हा दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळच्या खाटेवर होती. स्वादुपिंडाचा कर्करोग होता आणि आपलं किती उरलंय हे डॉक्टरांच्या आधी तिलाच कळलं होतं. पाळी संपली की आयली तिच्याकडे जाऊन बसायची, तिच्या सुजलेल्या पावलांना मलम चोळायची. बाहेर रस्त्यावरचं बर्फ हटवणारी गाडी घरघरत होती. आर्डिस त्या आवाजाकडे कान देऊन पडली होती, आणि एकदम म्हणाली, "आयली, माझ्यामागे ते हाकांचं नाटक करू नकोस."

कसलं नाटक, असं आयलीने विचारलं. तिला कळलं होतं, तरी विचारलं.

"तेच गं. तीन हाका मारायच्या आणि उत्तर आलं नाही म्हणून दिवा मालवायचा. मी जन्मात कधी कुणाला दुसरी हाक मारू दिली का? आणि आता शेवटच्या दिवशी भरल्या सभेत तिसऱ्या हाकेलाही गप्प पडून राहू? लोक म्हणतील, रौतिओबाईंना डुलकी लागली."

एवढं बोलून ती हसली आणि हसताना पोट धरून कळवळली. आयलीने विषय हसण्यावारी न्यायला बघितला. पण आर्डिसने तिचं मनगट धरलं. कळा देणारी बाई धरते, तशी पकड होती ती. शब्द दे म्हणाली. आयलीने दिला.

आर्डिस फुशारकी मारत होती असं कुणी समजू नये. तिचं आयुष्यच तसं होतं. वॉर्डातल्या प्रत्येक खोलीच्या दारावर एक दिवा आहे. आत बाईने बटण दाबलं की तो पेटतो. आर्डिस पाळीवर असली की तो दिवा धड पेटायच्या आत बोळाच्या दुसऱ्या टोकाकडून "आले गं" ऐकू यायचं, आणि मागोमाग तिच्या लाकडी तळव्यांच्या चपलांचा आवाज. जेवायला ती कधी बसली नाही. बसलं की उठायला वेळ लागतो म्हणायची. कागदात गुंडाळलेली पास्टी, म्हणजे खाणकामगारांची ती मांस-बटाट्याची मोठी करंजी, हातात धरून बोळात उभ्याउभ्याच खायची, आणि निम्मी पास्टी कुठल्या तरी खिडकीत गार होऊन सापडायची. आयली तिला चिडवायची, की तुझ्या पास्ट्यांवर या इस्पितळाचे उंदीर तीन पिढ्या पोसले. पण वेदनेत एकट्या पडलेल्या बाईला ते "आले गं" काय वाटायचं, हे गावातल्या कुठल्याही आईला विचारा. अर्धं गाव ते ऐकत जन्माला आलं आहे.

ही शिस्त तिच्या अंगात भिनवली होती मिस पेनहेलनी. आर्डिस आणि आयली दोघी पोरसवदा असताना मिस पेनहेल प्रसूती वॉर्डच्या मुख्य होत्या. बाई कॉर्नवॉलकडच्या खाणकामगारांच्या घरातल्या. लग्न केलं नाही, कुणाला भ्यायल्या नाहीत. पाळी बदलताना त्या स्वतः हजेरी घ्यायच्या. नाव पुकारलं की ओ आलीच पाहिजे. ती बाई कामात असेल तर शेजारणीने सांगायचं, अमुक तमुक खोलीत आहे, बाळंतिणीपाशी आहे. पण नाव नुसतं हवेत लोंबकळत राहिलं, तर सगळ्या वॉर्डाची रविवारची सुटी गेली. मिस पेनहेल म्हणायच्या, "जिच्या नावाला ओ देणारं कुणीच नाही, अशी बाई मला माझ्या वॉर्डात बघायची नाही." पोरी मागे त्यांना शिव्या घालायच्या. पण त्या धाकाने एकमेकींची खबर ठेवायची सवय लागली, ती मरेपर्यंत सुटली नाही.

आर्डिस गेली. आयलीने रडून घेतलं आणि शब्द सांभाळायचा म्हणून गप्प राहिली. कुणी विचारलं नाही तर आपण होऊन सांगायचं नाही, असा तिचा साधा हिशेब होता. तो एप्रिलमध्ये मोडला. आर्डिसची मुलगी जोलीन आईचं घर आवरायला डलूथहून आली आणि तिने पहिली गोष्ट विचारली ती मानवंदनेचीच.

आयलीने तिला खरं ते सांगून टाकलं. आर्डिसच्या स्वयंपाकघरात, खोक्यांच्या पसाऱ्यात उभं राहून, आईचे शब्द जसेच्या तसे सांगितले. जोलीन ऐकून घेत होती आणि वर्तमानपत्रात कप गुंडाळत होती.

"आई असंच म्हणायची," ती शेवटी म्हणाली. "वाढदिवसाला केक नको म्हणायची आणि मग दोन तुकडे खायची. आयली, तुला ती इस्पितळात मिळाली. मला घरी मिळाली ती झोपलेली. शाळेच्या नाटकात मी पडद्यातून डोकवायचे तर तिची खुर्ची रिकामी असायची, कारण कुणी तरी बाळंत होत असायचं. मी तिला इस्पितळाला देऊन टाकलं होतं. आता इस्पितळाने तिला सगळ्यांदेखत नीट निरोप द्यावा, एवढंच मला हवं आहे. इतर नर्सना देता ना? मग ती काय कमी होती?"

आयलीला एकाच वेळी दोघीही खऱ्या वाटत होत्या, आणि तीच तिची पंचाईत होती. एकीला शब्द दिला होता, पण ती आता रुसायला येणार नव्हती. दुसरी जिवंत होती, समोर उभी होती आणि एकच कप दुसऱ्यांदा गुंडाळत होती. आयली हो म्हणाली. घरी परत जाताना गाडीत ती स्वतःवर इतकी चिडली, की नेहमीचं वळण चुकून पार धक्क्यापर्यंत गेली. तिथे गाडी उभी करून ती बर्फाचे तुकडे काठाला घासताना ऐकत बसली.

मग तिने मनाशी एक तडजोड काढली. दोनच हाका मारायच्या. तिसरी गिळून टाकायची, सरळ "तुझी पाळी संपली" म्हणायचं आणि दिवा मालवायचा. जोलीनच्या लक्षात येणार नाही, बाकीच्यांना वाटेल बाईचा कंठ दाटला. आर्डिसला काय वाटेल? आर्डिस म्हणाली असती, पहिलीच हाक जास्तीची होती. पण निदान पुरता शब्द मोडला असं तरी होणार नाही. माणूस अडचणीत सापडलं की देवाशीसुद्धा घासाघीस करतं, ही तर जुनी मैत्रीण.

शुक्रवारी सकाळी आणखी एक अडचण उभी राहिली. ब्रिटा नावाची एक पहिलटकरीण कळा येतात म्हणून पहाटेच दाखल झाली. तिचा नवरा खनिज वाहणाऱ्या बोटीवर कामाला आणि बोट सरोवराच्या मधोमध. धक्क्याला लागेपर्यंत तो काही येऊ शकत नव्हता. बाई एकटी, घाबरलेली. तिच्यापाशी रेनी डेनोमी होती. रेनी ही आर्डिसच्या हाताखाली शिकलेली शेवटची सुईण. आर्डिसने तिला तीन वर्षं रागावून रागावून तयार केलं होतं, आणि शेवटच्या महिन्यात याच पोरीने तिचे केस विंचरले होते. रेनीला दफनाला जायचं होतं. आपल्या हाताने मूठभर माती टाकायची होती, हे तिने कितीदा तरी बोलून दाखवलं होतं.

पण वॉर्ड सोडायचा कुणी? आयलीने विचारायच्या आधी रेनीच म्हणाली, की मी थांबते, तुम्हाला खाली मानवंदना द्यायची आहे. आयलीने मान हलवली आणि आपण हे इतक्या चटकन कबूल केलं याची तिला लाज वाटली. पोरीचं तोंड सुकलेलं होतं. काही खाल्लंस का, असं विचारल्यावर ती म्हणाली, खाईन नंतर.

जेवणघरात फुगे लावले होते. सप्ताहाचा केक होता, त्यावर पांढऱ्या साखरेत नर्सेस आणि सुइणींचे आभार मानलेले होते. गावच्या बायकांनी निसू आणलं होतं, त्या वेलदोड्याच्या गोड पावाचा वास जेवणघरभर होता. निम्मे लोक काळ्या कपड्यांत होते, कारण इथूनच सगळे दफनभूमीकडे जाणार होते. काळे कपडे घालून, डोक्यावर रंगीत फुगे घेऊन केक खाताना कुणालाच आपला चेहरा कसा ठेवावा ते कळत नव्हतं.

मिस पेनहेलना पहिल्या रांगेत बसवलं होतं. बाई नव्वदीच्या पुढे गेलेल्या, वृद्धाश्रमात असतात. दर वर्षी सप्ताहाला त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणतात, छातीवर कार्नेशनचं गुलाबी फूल टाचतात आणि सगळ्यांत जुन्या नर्स म्हणून टाळ्या वाजवतात. गेली काही वर्षं त्या कुणाला ओळखत नव्हत्या. आयलीने वाकून त्यांचा हात हातात घेतला, तर त्यांनी तिची नखं उलटून बघितली, ठीक आहे अशा अर्थाने मान हलवली आणि पुन्हा कुठे तरी निघून गेल्या.

इस्पितळाचे व्यवस्थापक डग्लस लिंडक्विस्ट यांनी कर्मचारी वार्ता वाचायला घेतल्या. माणूस वाईट नाही, पण हातात कागद आला की त्याला कुठे थांबायचं ते कळत नाही. प्रयोगशाळेतल्या मुलीचं लग्न ठरलं, त्याच्या टाळ्या झाल्या. भटारखान्यातला जुना आचारी निवृत्त होतोय, त्याच्या टाळ्या झाल्या. सॉफ्टबॉलचा संघ जमवायचा आहे, गाड्या उभ्या करायच्या जागा बदलल्या आहेत, नवं तपासणी यंत्र ऑगस्टमध्ये येतंय. आणि मग त्याच आवाजात, त्याच पट्टीत, "आपल्याला सोडून गेलेल्या आर्डिस रौतिओ." एकाने सवयीने टाळी वाजवली आणि तो ओशाळून हात मांडीखाली दाबून बसला. आयलीला संताप आला. मग वाटलं, हे आर्डिसला आवडलं असतं. गाड्यांच्या जागेच्या शेजारी आपलं मरण बघून ती पोटभर हसली असती.

आयली टेबलापाशी जाऊन उभी राहिली. दिवा खरा नव्हता. इस्पितळात उघडी ज्योत चालत नाही, त्यामुळे पितळी दिव्यात बॅटरीवरची पिवळी ज्योत बसवलेली होती आणि तळाला बटण होतं. ते बटण जरा अडकायचं. आयलीने ते आधी दोनदा तपासून ठेवलं होतं. समोर जोलीन बसली होती, पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर. तिच्या शेजारी मिस पेनहेलची चाकाची खुर्ची होती. जेवणघर शांत झालं. भांडी विसळणाऱ्या बाईनेही नळ बंद केला.

"आर्डिस मारी रौतिओ," आयलीने हाक मारली.

ती थांबली. इतक्या जणींना तिने असा निरोप दिला होता, पण हाक मारल्यावरची शांतता आपण कधी ऐकलीच नव्हती असं तिला वाटलं. तिचे कान बोळाकडे लागले होते. लाकडी तळव्यांचा आवाज येईल म्हणून त्यांनी वाट बघितली, आणि तो येत नाही हे त्यांना खरंच कळेना.

"आर्डिस मारी रौतिओ."

आता बास, तिने स्वतःला सांगितलं. आता पाळी संपली म्हण आणि मोकळी हो. तिने दिव्याकडे हात नेला. तेवढ्यात तिची नजर जोलीनवर गेली. जोलीन पुढे झुकली होती, ओठ घट्ट मिटून. ती तिसऱ्या हाकेची वाट बघत होती. पडद्यातून रिकाम्या खुर्चीकडे बघणारी पोर अशीच दिसत असेल. हिच्यापुढे लबाडी करायची? आयलीचा हात दिव्यावरून मागे आला. माफ कर गं आर्डिस, ती मनात म्हणाली, मोडला मी शब्द. आणि तिने तिसऱ्यांदा हाक मारली. या वेळी तिचा आवाज फुटला.

"आर्डिस मारी रौतिओ."

कुणी हललं नाही. आयली पुढचं वाक्य उच्चारायला श्वास घेत होती.

"आर्डिस बाळंतिणीपाशी आहे."

सगळ्यांच्या माना वळल्या. मिस पेनहेल खुर्चीत ताठ बसल्या होत्या. गुलाबी कार्नेशन एका बाजूला लोंबत होतं आणि डोळ्यांत तीच जुनी जरब होती, जिला भिऊन पोरी जिन्यात लपायच्या.

"तीन तीन हाका काय मारताय?" त्या म्हणाल्या. "आणि बाकीच्या तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्यात. एकीलाही सांगता येत नाही ती कुठे आहे ते? पोरगी वर बाळंतिणीपाशी आहे. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही तिच्या. जा कुणी तरी आणि सोडवा तिला."

वृद्धाश्रमातली परिचारिका गडबडून त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झाली. लिंडक्विस्ट कागद शोधायला लागले, जणू यावर काय करायचं ते तिथे लिहिलेलं असणार. पण जोलीनने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. ती रडत होती, आणि रडता रडता तिला हसू फुटत होतं. तिने मिस पेनहेलचा सुरकुतलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "कुठल्या खोलीत आहे ती?"

"असेल तिथे असेल," मिस पेनहेल म्हणाल्या. "तू तिची मुलगी ना? वाट बघ. येईल. ती कुणाला टाकून येत नाही."

आयलीला एकदम कळलं. ओ आली होती. उशिरा आली, दुसरीच्या तोंडून आली, पण ती रीतीनेच आली. या वॉर्डात ओ अशीच यायची. आर्डिसचं नाव हवेत लोंबकळत राहिलं नव्हतं. आणि ही विसरभोळी म्हातारी जे म्हणत होती त्यातलं चुकीचं काय होतं? वर खरोखरच एक पोर बाळंतिणीपाशी होती, आर्डिसने घडवलेली, सकाळपासून उपाशी. आणि इथे आपण सगळे केक खात बसलो होतो.

"हो, मिस पेनहेल," ती म्हणाली. "मी जाते. मी सोडवते तिला."

"मग उभी काय राहिलीस?"

आयलीने दिवा उचलला. बटणाला हात लावला नाही. पेटता दिवा तिने तसाच जोलीनच्या मांडीवर ठेवला आणि हळूच सांगितलं, की रेनीला पाठवते, आईची माती टाकायला तिला बरोबर घेऊन जा. जोलीनने तिच्याकडे बघितलं. मग तू येणार नाहीस, हे तिला उमगलं असावं. तिने मान हलवली. आयलीने टेबलावरच्या निसूचा एक जाड तुकडा कागदी रुमालात गुंडाळला आणि ती जिन्याने वर निघाली.

रेनी ऐकायलाच तयार नव्हती. तुमची इतक्या वर्षांची मैत्रीण आहे, मी कशी जाऊ, असं म्हणून ती दारातच अडून राहिली. आयलीने तिच्या हातात निसू कोंबलं, तिचा कोट खुंटीवरून काढून खांद्यावर टाकला आणि सांगितलं, की मिस पेनहेलचा हुकूम आहे, माझी काय बिशाद तो मोडायची. रेनी जिन्यात थांबून मागे वळली. "माती टाकताना तुमचं काही सांगायचं आहे का त्यांना?" तिने विचारलं.

आयलीला पुष्कळ सांगायचं होतं. "सांग, तुझ्या जागेवर मी आहे," ती म्हणाली.

ब्रिटाच्या खोलीची खिडकी डोंगराच्या अंगाला आहे. कळांच्या मधल्या वेळात ब्रिटा डोळे मिटून पडली होती, म्हणून आयली क्षणभर खिडकीशी गेली. खाली गाड्या सुटल्या होत्या. काळी लांब गाडी पुढे, मागे जोलीनची, मग गावातल्या धुळकट पिकअप गाड्या, एकीच्या पत्र्यावर फुगा अडकून राहिलेला. वाट वळून वर दफनभूमीकडे जात होती. तिथे सरोवराच्या अंगाला नव्याने उकरलेली तांबूस माती इतक्या लांबूनही दिसत होती. आपण आर्डिसबरोबर शेवटपर्यंत चालणार, असं तिने किती महिने मनाशी धरलं होतं. आता ती गाडी वळणामागे जाईपर्यंत तरी बघू दे, एवढंच तिला वाटत होतं. काळी गाडी वळणाला लागली होती.

"कुणी आहे का?" मागून ब्रिटा म्हणाली. भेदरलेला, बारीक आवाज होता. "कुणी आहे का इथे?"

आयली वळली. गाडी वळणामागे गेली की नाही, ते तिने पाहिलं नाही.

"आले गं," ती म्हणाली.